बिल एकसष्ट हजारांचं, हातात आले अडतीस

नमस्कार काका,

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी शाळेत शिकवते, ह्यांचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. आमची ११९७ सीसीची पेट्रोल गाडी ह्यांच्या नावावर आहे, येत्या दसऱ्याला तिला पाच वर्षं होतील. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा संपता संपता, पंढरपूरहून परत येताना मोहोळच्या अलीकडे आम्ही रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकलो. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. भाचा चालवत होता, मी शेजारी होते. उसाची टिपरं काचेतून आत आली. सिद्धरामेश्वराची कृपा, कुणाला लागलं नाही.

गॅरेजचं बिल ६१,४०० रुपये झालं. कंपनीने ३८,२०० दिले. उरलेले २३,२०० मी भिशीचे आले होते त्यातून भरले. एजंट दरवर्षी सांगतो, "वहिनी, तुमचं फुल इन्शुरन्स आहे." मग पैसे का कापले असं विचारलं तर म्हणाला, "डिडक्टिबल गेलं." ह्यांचं म्हणणं, त्यानं फसवलं. तीन वर्षांपूर्वी हप्ता जास्त वाटला म्हणून ह्यांनीच त्याला "जरा कमी करून द्या" म्हटलं होतं, हेही खरं सांगते. आता तोच म्हणतोय, दसऱ्याला पॉलिसी नवी करताना पंधरा हजारांचं व्हॉलंटरी डिडक्टिबल घ्या, वर्षाला २,३०० रुपये वाचतील. घेऊ का? की आता गाडी जुनी झाली म्हणून नुसतं थर्ड पार्टी करून मोकळं व्हावं? बिलाचा, कंपनीच्या हिशेबाच्या कागदाचा आणि पॉलिसीचा फोटो सोबत जोडलाय.

— एक वाचक, जुळे सोलापूर

ताई,

फोटो स्वच्छ काढलेत, त्याबद्दल आधी आभार. बहुतेक लोक पॉलिसीचं पहिलं पान तेवढं पाठवतात, त्यावर कंपनीचं चिन्ह आणि शुभेच्छा सोडून काही नसतं. तुम्ही हिशेबाचा कागद पाठवलात म्हणून सरळ सांगता येतं: एजंटानं फसवलेलं नाही, पण त्यानं दिलेलं उत्तर चूक आहे. आणि कंपनीकडे तुमचे ३,६०० रुपये निघतात. कसे, ते ओळीओळीनं बघू.

मी वीस वर्षं नुकसानीचे सर्व्हे केले. बाळे, होटगी रोड, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, जिथे जिथे गॅरेज तिथे तिथे वही घेऊन उभा राहिलोय. या वीस वर्षांत "फुल इन्शुरन्स" हा शब्द हजार वेळा ऐकला आणि एकाही पॉलिसीवर छापलेला पाहिला नाही. तुमच्या कागदावरही तो नाही. तिथे "पॅकेज पॉलिसी" लिहिलंय. म्हणजे दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या: दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारी थर्ड पार्टी, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी ओन डॅमेज, जिला एजंट मंडळी ओडी म्हणतात. "फुल" म्हणजे दोन्ही आहेत, एवढंच. जाईल ते सगळं परत मिळेल, असा त्याचा अर्थ पॉलिसीत कुठेही नाही. ग्राहकानं तो आपल्या मनात केला आणि एजंटानं तो दुरुस्त केला नाही.

आता बिल घ्या. बंपर, पुढची जाळी, हेडलाइटचं घर, चाकावरचं आतलं प्लास्टिक, काचेभोवतीचं रबर, हे सगळं मिळून १८,४०० रुपये. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी निम्मा घसारा, म्हणजे वापरानं किंमत उतरली असं धरून केलेली कपात, कापतात. शोरूममधून काल आणलेल्या गाडीचा बंपर आज फुटला तरी निम्मे पैसे तुमचे. म्हणून इथे ९,२०० गेले.

बॉनेट, मडगार्ड आणि रेडिएटरचा सांगाडा हे पत्र्याचं काम १६,००० रुपयांचं. पत्र्याचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे चढत जातो: पहिले सहा महिने काही नाही, वर्षाच्या आत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५. पाच ते दहा वर्षं ४० आणि त्यापुढे ५०. तुमची गाडी अपघाताच्या दिवशी चार वर्षं तीन महिन्यांची होती, म्हणजे पाचव्या वर्षात. ३५ टक्क्यांनी ५,६०० गेले. वाईट वाटेल, पण हाच अपघात त्याच्या आधीच्या दसऱ्यापूर्वी झाला असता तर याच पत्र्यावर ४,०००च गेले असते.

रंगकामाचे ८,०००. इथे गंमत आहे. रंगाच्या मालावर निम्मा घसारा असतो, मजुरीवर नसतो. पण पेंटर काही रंगाचं आणि मजुरीचं बिल वेगळं करत नाही. मग नियम असा, की एकत्र बिल असेल तर त्यातला पाव हिस्सा माल धरायचा. पाव हिस्सा २,०००, त्याचे निम्मे १,०००. तेवढेच कापलेत, ते बरोबर आहे. ठोकाठोकी आणि फिटिंगची मजुरी ९,५००, ती पूर्ण दिली. कूलंट, ऑइल, नटबोल्ट, क्लिपा मिळून २,३००, ते अजिबात दिले नाहीत. या वस्तूंना कन्झ्युमेबल्स म्हणतात आणि साध्या पॉलिसीत त्या बसत नाहीत. काढलेल्या जुन्या भागांच्या भंगाराचे ५०० धरून वजा केले. आणि शेवटी १,००० रुपये सक्तीची वजावट. एजंट ज्याला डिडक्टिबल म्हणाला ते हे, फक्त एवढं.

राहिली समोरची काच, ७,२०० रुपयांची. काचेवर घसारा शून्य असतो. गाडी नवी असो की बारा वर्षांची, काच फुटली की पूर्ण किंमत धरायची. तुमच्या हिशेबाच्या कागदावर काच प्लास्टिकच्या रकान्यात पडलीय आणि तिच्यातून निम्मे, म्हणजे ३,६०० कापलेत. हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. सर्व्हेच्या वहीत काच आणि तिचं रबर शेजारी शेजारी लिहितात, मग संगणकावर चढवणाऱ्याचा हात घसरतो. माझाही घसरलाय, एकदा तर सगळा हिशेब गेल्यावर लक्षात आलं होतं.

तेव्हा बेरीज अशी: घसाऱ्याचे खरे १५,८००, कन्झ्युमेबल्स २,३००, भंगार ५००, वजावट १,०००, एकूण १९,६००. तुम्हाला मिळायला हवे होते ४१,८००. मिळाले ३८,२००. फरक ३,६००, आणि तो मागायचा कसा ते शेवटी सांगतो.

आधी तुम्ही काय विचारलंत त्याकडे येतो, कारण दसरा थांबणार नाही.

डिडक्टिबल हा शब्द एजंटानं झाकण म्हणून वापरला. १९,६०० मधले १,०००च डिडक्टिबल होतं, १५,८०० घसारा होता. घसारा टाळायचा उपाय वेगळा आणि वजावटीचा विषय वेगळा. दोन्हींची मिसळ केली की माणूस चुकीच्या जागी पैसे वाचवायला जातो, आणि तुमचा एजंट नेमकं तेच सुचवतोय.

सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,०००. दुचाकीला १००. ती कुणालाच टळत नाही आणि तिच्यासाठी हप्त्यात सवलतही नाही. माणसानं आरशाच्या खरचट्यासाठी दर महिन्याला कंपनीचा दरवाजा ठोठावू नये, एवढाच तिचा हेतू. एक गोष्ट मात्र फार लोकांना ठाऊक नसते. ही वजावट वर्षाची नाही, प्रत्येक घटनेची आहे. नव्या पेठेत रिक्षानं मागचा बंपर चेपवला आणि महिन्याभरानं मोहोळला पुढचा फुटला, तर ते दोन क्लेम आणि दोन वजावटी. पुढच्या धडकेच्या क्लेममध्ये गणपतीच्या मिरवणुकीतला दारावरचा ओरखडा घुसवायचा प्रयत्न मी शेकड्यानं पाहिलाय. सर्व्हेअरला ते दिसतं. ओरखड्यात धूळ बसलेली असते, कडेला गंज आलेला असतो. एका गृहस्थांनी तर "साहेब, हाही त्याच धडकेतला" म्हणून दाखवलेल्या डेंटावर ऑइलपेंटचा हात मारलेला होता, ब्रशच्या रेघांसकट.

स्वेच्छेची वजावट म्हणजे व्हॉलंटरी डिडक्टिबल. तुम्ही कंपनीला सांगता, "सक्तीच्या हजाराच्या वर आणखी एवढे मी सोसते," आणि कंपनी ओडीच्या हप्त्यात सवलत देते. जुन्या मोटार टॅरिफमध्ये याचा तक्ता होता: २,५००ला २० टक्के पण फार तर ७५० रुपये, ५,०००ला २५ टक्के आणि फार तर १,५००, ७,५००ला ३० टक्के आणि फार तर २,०००, १५,०००ला ३५ टक्के आणि फार तर २,५००. आता कंपन्या आपापले दर ठरवतात, पण सवलतीचा अंदाज बांधायला हा तक्ता अजून कामाला येतो. एजंटानं सांगितलेले २,३०० त्यात बसतात. त्या बाबतीत तो खोटं बोललेला नाही.

आता हिशेब करा. १५,०००ची वजावट पहिल्या दिवसापासून घेतली असती तर पाच वर्षांत साधारण ११,५०० वाचले असते. आणि जानेवारीतल्या त्या एका रात्रीत १५,००० जास्तीचे गेले असते. हक्काच्या ४१,८०० ऐवजी २६,८०० मिळाले असते. तोटा ३,५००. म्हणजे बेत अगदीच वेडेपणाचा नाही. ज्याच्या खात्यात वीसेक हजार नेहमी पडून असतात, जो वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालवतो, रात्रीचा निघत नाही, त्यानं तो खुशाल घ्यावा. साडेसहा वर्षं क्लेम आला नाही तर तो जिंकला.

पण तुम्ही भिशी मोडलीत. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. १५,०००ची वजावट घेणं म्हणजे त्या रकमेचे विमेदार तुम्ही स्वतः झालात, आणि अपघात भिशीचा नंबर लागेपर्यंत थांबत नाही. त्यातून तुमच्या वाटेवर नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या असणारच, दोन-दोन जोडलेल्या, अंधारात. आपल्या जिल्ह्यात कारखाने सुरू असताना रात्री पंढरपूर रोडला निघणाऱ्यानं १५,०००ची वजावट घेऊ नये, असं माझं साधं मत.

२,५००ची मात्र घ्या. कारण सांगतो, आणि ते नो क्लेम बोनसमध्ये लपलंय.

बोनस म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल ओडीच्या हप्त्यात मिळणारी सूट. एका वर्षानं २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. तुमच्या पॉलिसीवर ४५ आहे. जानेवारी शांतपणे गेला असता तर या दसऱ्याला ५० झाली असती. आता ती शून्य होणार. समजा ओडीचा मूळ हप्ता ७,००० धरला. पहिल्या वर्षी ५० ऐवजी शून्य, दुसऱ्या वर्षी ५० ऐवजी २०, मग २५, ३५, ४५. पाच वर्षांचा फरक जोडलात तर ८,७५० रुपये होतात, वर १८ टक्के जीएसटी. गाडीची किंमत उतरते तसा हा आकडा थोडा खाली येईल, पण क्लेमचा हा खर्च कुठल्याच हिशेबाच्या कागदावर छापून येत नाही. ४१,८०० साठी तो सोसावाच लागतो. पण पूर्ण बोनस जमलेला असताना सहा हजारांच्या बंपरसाठी क्लेम करणारा माणूस स्वतःच्या खिशातून कंपनीला पैसे देत असतो. निम्मा घसारा गेला, हजार वजावट गेली, दोन हजार हातात आले आणि बोनसचे आठ हजार गेले.

म्हणजे छोटे क्लेम तुम्ही करणारच नाही, करू नयेत. मग २,५००ची वजावट घेऊन त्याबद्दलची सवलत का सोडायची? येतं वर्ष मात्र जरा वेगळं आहे. बोनस शून्यावर आल्यामुळे गमवायला तुमच्याकडे थोडंच उरलंय. वर्षभरात पुन्हा क्लेम झाला तर बोनसचा तोटा त्याच धरलेल्या हप्त्यावर साडेतीन हजारांच्या आसपास, पावणेनऊ हजार नव्हे. तेवढा अंदाज मनाशी ठेवा आणि मग ठरवा. बोनस गाडीला नसतो, मालकाला असतो. उद्या ही गाडी विकून नवी घेतलीत तर जमलेला बोनस नव्या गाडीवर नेता येतो. पॉलिसी संपून नव्वद दिवस गेले आणि नूतनीकरण केलं नाही तर मात्र तो बुडतो. दसऱ्याच्या घाईत आपट्याची पानं विसरलात तरी चालेल, ही तारीख विसरू नका.

घसाऱ्यावर उपाय झिरो डेप. गॅरेजवाले त्याला बंपर टू बंपर म्हणतात. जादा हप्ता भरून घ्यायचं हे ॲड-ऑन. ते असतं तर घसाऱ्याचे १५,८०० कंपनीनं भरले असते, तुमच्या खिशातून कन्झ्युमेबल्स, भंगार आणि वजावट मिळून ३,८०० गेले असते आणि भिशी शाबूत राहिली असती. तुमच्या पॉलिसीवर ॲड-ऑनच्या रकान्यात फक्त रस्त्यावरची मदत दिसते. तीन वर्षांपूर्वी "जरा कमी करून द्या" म्हटल्यावर एजंटानं काय कमी केलं असेल ते यावरून कळतं. आधीच्या पॉलिसी कपाटात असतील तर बघा, पहिल्या दोन वर्षांत झिरो डेप असणार. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, एजंटाला त्यात एक रुपया सोडता येत नाही. तुमच्या गटाला, म्हणजे १००० ते १५०० सीसीला, १ जून २०२२ पासून तो ३,४१६ रुपये ठरला. मग घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला एजंट बहुधा दोन ठिकाणी कात्री लावतो: ॲड-ऑन काढायचं, नाहीतर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, उतरवायची. हे दादांना दोष द्यायला लिहीत नाही. दुकानात बसणारा माणूस भाव केल्याशिवाय राहत नाही, ते योग्यच. फक्त टॉवेलचा भाव कमी केला तर टॉवेल तोच राहतो, पॉलिसीचा भाव कमी केला की पॉलिसी बदलते.

गाडी पाच वर्षांची झाली की काही कंपन्या झिरो डेप द्यायला कां-कूं करतात, काही पुढेही देतात. म्हणून दोन-तीन कंपन्यांचं लेखी कोटेशन मागवा. झिरो डेपसह आणि त्याशिवाय, २,५०० वजावटीसह आणि त्याशिवाय. दसऱ्यानंतर तुमच्या पत्र्याचा घसारा ४० टक्क्यांवर जाणार आहे, तेव्हा या ॲड-ऑनची किंमत तुमच्यासाठी वाढलीय. त्यात वर्षाला किती क्लेम चालतील ते वाचून घ्या, बहुतेक ठिकाणी दोनाची मर्यादा असते.

आयडीव्हीचं दोन ओळीत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर कंपनी गाडी संपली असं धरते आणि आयडीव्ही देते, वजावट कापून. ती कमी दाखवून हप्ता वाचवू नका.

आता "नुसतं थर्ड पार्टी". कायद्यानं तेवढंच सक्तीचं आहे. ते नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड चार हजार. दुसऱ्या माणसाचा जीव गेला किंवा तो जखमी झाला तर भरपाईला वरची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत. म्हणजे थर्ड पार्टी ही काही किरकोळ गोष्ट नाही. घर-दुकान विकायची पाळी येण्यापासून तीच वाचवते. पण जानेवारीत तुमच्याकडे तेवढीच असती तर ६१,४०० मधला छदाम मिळाला नसता. आणि दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. नुसत्या थर्ड पार्टीच्या पॉलिसीत खासगी गाडीत बसलेले पाहुणे-नातेवाईक येत नाहीत. पॅकेज पॉलिसीत येतात. त्या रात्री भाच्याच्या शेजारी तुम्ही होतात. टिपरं काचेतून आत आली म्हणता. मी अशा गाड्या पाहिल्यात, सीटवर काचेचा चुरा आणि उसाचा रस एकत्र पडलेला असतो. पॅकेज सोडू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पॉलिसी बघताना दिसलं ते सांगतो. त्यावर पंधरा लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट आहे, "ओनर-ड्रायव्हर" या नावाखाली. तो फक्त गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांचा, म्हणजे दादांचा, आणि त्यांचं लायसन चालू असेल तरच. भाच्याला तो नव्हता, तुम्ही चालवता तेव्हा तुम्हालाही नसतो. घरात तिघं गाडी चालवत असाल तर मालकाशिवाय इतरांसाठीचा वेगळा अपघात विमा जोडून घ्या, त्याचा हप्ता फार नसतो. गाडी भाचा चालवत होता म्हणून क्लेमला काही बाधा आली नाही, कारण त्याचं लायसन चालू होतं. पॉलिसी गाडीची असते, चालवणारा कोण हे दुय्यम, पण लायसन आणि शुद्ध या दोन गोष्टी हव्याच. तिसरी अट, खासगी गाडी भाड्यानं न देण्याची, आपल्याकडे फार मोडते. अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करायला पाव्हणे आले की शेजारचा पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं सोडतो, "डिझेलचे तेवढे द्या" म्हणतो. असा क्लेम कंपनीनं नाकारला तर मी कंपनीच्या बाजूनं बोलेन.

आणि इंजिन प्रोटेक्ट, हेही एक ॲड-ऑन. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला आलेलं पाणी तुम्ही पाहिलंय. पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला की पाणी इंजिनात शिरतं, आतला दांडा वाकतो, आणि साधी पॉलिसी म्हणते, हे पुरानं नाही, तुमच्या स्टार्टरनं झालं. मला हे पाठ होतं. तरी एका पावसाळ्यात रेल्वे पुलाखालच्या पाण्यात माझी गाडी बंद पडली, मागून ट्रकवाला हॉर्न देत होता आणि मी चावी फिरवली. ॲड-ऑन नव्हतं. दुसऱ्यांच्या क्लेमवर जी ओळ मी शेकडो वेळा लिहिली होती तीच माझ्या क्लेमवर दुसऱ्या सर्व्हेअरनं लिहिली, आणि ती बरोबर होती. तुमचं जाणं-येणं नदीकाठच्या रस्त्यानं असेल तर ते ॲड-ऑन घ्या. शहरातच फिरत असाल तर पाण्यात बंद पडलेली गाडी ढकलून बाहेर काढायची, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आता ते ३,६००. एजंटाला सांगू नका, किंवा सांगा पण त्याच्यावर थांबू नका. क्लेमचा निकाल लेखी विचारला तर लेखी मिळतो. कंपनीच्या तक्रार विभागाच्या ईमेलवर, जो पॉलिसीच्या शेवटच्या पानावर असतो, दादांच्या नावानं असं लिहा: "क्लेम क्रमांक अमुक. बिलातील समोरच्या काचेवर, रक्कम ७,२०० रुपये, ५० टक्के घसारा लावण्यात आला आहे. पॉलिसीच्या अटींनुसार काचेवर घसारा शून्य आहे. कापलेले ३,६०० रुपये परत करावेत आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत द्यावी." सोबत बिल आणि हिशेबाचा कागद. रागाचं एकही वाक्य नको, भाचा-ट्रॉली-भिशी काही नको. पैसे घेताना "पूर्ण आणि अंतिम" अशा कागदावर सही केली असेल तरी घाबरू नका, हिशेबातली चूक दाखवण्याचा हक्क तेवढ्यानं जात नाही.

महिनाभर वाट बघा. उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. १५५२५५ या नंबरवर फोन करूनही ती नोंदवता येते. त्यानंतर विमा लोकपाल. सोलापूरकरांसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. काचेच्या एका ओळीसाठी तिथवर जायची वेळ बहुधा येणार नाही, कारण हा नियम त्यांच्या स्वतःच्या पॉलिसीत छापलेला आहे. तुमच्या फोटोत तो चौथ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत आहे. ईमेलला त्या पानाचा फोटो जोडा आणि ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारा.